फिल्मफेअर पुरस्कार : सन्मान कुणाचा, कौल कुणाचा?

हिंदी चित्रपटसृष्टीत दरवर्षी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांमध्ये फिल्मफेअर पुरस्काराचे स्थान वेगळे आहे. १९५४ साली अवघ्या पाच पुरस्कारांनी सुरू झालेला हा उपक्रम २०२५ मध्ये सत्तराव्या सोहळ्यापर्यंत येऊन पोहोचला. या काळात पुरस्कारांची संख्या वाढली, मतदानाची रीत बदलली, सोहळ्याचे ठिकाण बदलले आणि वादही पुष्कळ झाले. मात्र चित्रपट हे अनेकांच्या श्रमांचे फळ असताना त्याचे श्रेय नेमके कोणाकोणाला द्यायचे आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून या पुरस्कारांच्या सोबत राहिला आहे. त्याची उत्तरे घडविण्यात मराठी कलावंतांचा वाटा मोठा आहे.

पहिला सोहळा

'टाइम्स ऑफ इंडिया' प्रकाशित करणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने १९५२ साली 'फिल्मफेअर' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ मार्च १९५४ रोजी, मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिला पुरस्कार सोहळा झाला. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या दिवंगत चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ या पुरस्कारांना आरंभी 'क्लेअर्स' असे नाव देण्यात आले होते. पुढे ते मागे पडून नियतकालिकाचेच नाव रूढ झाले.

त्या वर्षी केवळ पाच पुरस्कार होते. उत्कृष्ट चित्रपट 'दो बिघा जमीन', उत्कृष्ट दिग्दर्शक त्याच चित्रपटासाठी बिमल रॉय, उत्कृष्ट अभिनेता 'दाग'साठी दिलीपकुमार, उत्कृष्ट अभिनेत्री 'बैजू बावरा'साठी मीनाकुमारी आणि उत्कृष्ट संगीतकार त्याच चित्रपटासाठी नौशाद, अशी ती यादी होती. हॉलिवूडचे अभिनेते ग्रेगरी पेक यांना सोहळ्याचे खास निमंत्रण होते. कोलंबोहून येणारे त्यांचे विमान लांबल्याने ते मेट्रोमध्ये वेळेवर पोहोचू शकले नाहीत. त्यानंतरच्या विलिंग्डन क्लबमधील मेजवानीला मात्र ते हजर राहिले.

पुरस्काराचे मानचिन्ह म्हणजे दोन्ही हात उंचावून बोटांनी ताऱ्याला स्पर्श करणाऱ्या नर्तिकेची काळसर कांस्यमूर्ती. चित्रपटसृष्टीत ती 'ब्लॅक लेडी' या नावाने ओळखली जाते. तिची उंची ४६.५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे पाच किलो आहे. ही मूर्ती घडविली ती शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी. मुंबईच्या फोर्ट भागातील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर कष्टकऱ्यांची जी भव्य उत्थित शिल्पे दिसतात, तीही पानसरे यांचीच. मूर्तीचे काम 'टाइम्स'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली झाले. नाझी राजवटीमुळे मायदेश ऑस्ट्रिया सोडून मुंबईत आलेले लँगहॅमर येथील तरुण चित्रकारांचे मोठे आधारस्तंभ होते. पुरस्काराच्या पंचविसाव्या वर्षी ही मूर्ती चंदेरी आणि पन्नासाव्या वर्षी सोनेरी रूपात देण्यात आली.

एकाच वर्षातील दोन कौल

१९५४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात भारत सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचाही प्रारंभ झाला. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले ते एका मराठी चित्रपटाला. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेला, आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' हाच तो चित्रपट. फिल्मफेअरने ज्याला सर्वश्रेष्ठ ठरविले होते, त्या 'दो बिघा जमीन'ला राष्ट्रीय पुरस्कारांत गुणवत्ता प्रमाणपत्र देण्यात आले.

दोन्ही पुरस्कारांच्या रचनेतील फरक यातून स्पष्ट होतो. राष्ट्रीय पुरस्कार सर्व भारतीय भाषांतील चित्रपटांसाठी असून त्यांचा निर्णय सरकारने नेमलेली परीक्षक समिती देते. फिल्मफेअर हा हिंदी चित्रपटांचा आणि मुळात वाचकांच्या मतांवर उभा राहिलेला पुरस्कार. पहिल्या वर्षी देशभरातील वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते नोंदविली. १९५६ पासून वाचकांच्या मतांना तज्ज्ञांच्या मताची जोड देणारी दुहेरी पद्धत स्वीकारण्यात आली. लोकप्रियता आणि गुणवत्ता या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलण्याचा हा प्रयत्न होता.

तथापि, मत देणारा वाचक कोण होता, हेही पाहिले पाहिजे. 'फिल्मफेअर' हे इंग्रजी नियतकालिक. ते विकत घेऊन वाचणारा, मतपत्रिका भरून टपालाने पाठविणारा वर्ग प्रामुख्याने शहरी आणि इंग्रजी शिकलेला होता. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९५४ मध्ये मराठवाड्याचा हा सारा भाग हैदराबाद राज्यात होता. महाराष्ट्र राज्याची स्थापना सहा वर्षांनी, तर हिंगोली जिल्ह्याची निर्मिती थेट १९९९ मध्ये झाली. 'दो बिघा जमीन' ही सावकारी पाशात अडकलेली जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची कथा. ती ज्यांच्या जगण्याची कथा होती, त्या खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांचे मत या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ नव्हतेच. दूरचित्रवाणीने पुढे हा सोहळा गावागावांत नेला. त्यामुळे पाहणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. पण पाहणे आणि निवडणे यांतले अंतर त्यामुळे आपोआप मिटले असे नव्हे.

लतादीदींचा नकार

पुरस्कारांच्या इतिहासातील सर्वांत परिणामकारक प्रसंग १९५७ मधील आहे. त्या वर्षी 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांना उत्कृष्ट संगीतकाराचा पुरस्कार जाहीर झाला. सोहळ्यात त्या चित्रपटातील गाणे लता मंगेशकर यांनी गावे, अशी विनंती घेऊन जयकिशन त्यांच्याकडे गेले. लताबाईंनी ती नाकारली. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही. मग गाणे गायकाविना केवळ वाद्यांवर वाजवावे, असा त्यांचा मुद्दा होता. गायकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू होईपर्यंत आपण या मंचावर गाणार नाही, ही भूमिका त्यांनी ठामपणे घेतली.

त्या काळाचा विचार करता ही भूमिका सोपी नव्हती. पार्श्वगायन ही चित्रपटाची गरज झालेली असली, तरी गायकाचे श्रेय पडद्यावर आणि ध्वनिमुद्रिकेवर दुय्यमच मानले जात असे. लताबाईंच्या नकारानंतर १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि 'मधुमती'तील गाण्यासाठी तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. त्याच वर्षी गीतकारांनाही प्रथमच स्थान मिळाले. 'यहुदी'साठी शैलेंद्र हे पहिले मानकरी ठरले.

आरंभी गायक आणि गायिका यांच्यासाठी एकच पुरस्कार होता. १९६८ मध्ये तो विभागला गेला. गायिकांचा पहिला स्वतंत्र पुरस्कार 'दस लाख'साठी आशा भोसले यांना, तर गायकांचा 'हमराज'साठी महेंद्र कपूर यांना मिळाला. लताबाईंना १९५९, १९६३, १९६६ आणि १९७० असा चार वेळा हा मान मिळाला. त्यानंतर नव्या आवाजांना संधी मिळावी म्हणून आपला विचार करू नये, असे त्यांनी कळविले. आशाताईंनीही सात पुरस्कारांनंतर, १९७९ मध्ये, तोच मार्ग पत्करला. ज्या पुरस्कारासाठी एकीने आग्रह धरला, तो योग्य वेळी सोडून देण्याचे औदार्य दोघी बहिणींनी दाखविले, ही बाब आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

नवे विभाग, मराठी नावे

फिल्मफेअरचा विस्तार हा एका अर्थाने दुर्लक्षित कामाला मान्यता मिळण्याचा इतिहास आहे. १९५५ मध्ये सहायक भूमिकांचे पुरस्कार सुरू झाले. 'बादबान'साठी उषा किरण या पहिल्या उत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरल्या, तर 'बूट पॉलिश'साठी डेव्हिड हे पहिले सहायक अभिनेता. पुढे 'अनाडी'साठी ललिता पवार (१९६०), 'आरती' आणि 'गुमराह'साठी शशिकला (१९६३, १९६४) आणि 'बिदाई'साठी दुर्गा खोटे (१९७५) यांनी हाच पुरस्कार मिळविला. नायिकेच्या सावलीत राहूनही चित्रपट तोलून धरणाऱ्या या अभिनेत्रींची दखल घेण्याची सोय या विभागामुळे झाली.

नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार येण्यास १९८९ साल उजाडावे लागले. 'तेजाब'मधील माधुरी दीक्षितच्या गाजलेल्या नृत्यासाठी सरोज खान या पहिल्या मानकरी ठरल्या. १९९२ मध्ये खलनायकी भूमिकेचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला आणि 'सडक'मधील भूमिकेसाठी तो पहिल्यांदा नगरच्या सदाशिव अमरापूरकर यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी 'अंगार'साठी नाना पाटेकर यांनी तो पटकावला. त्यापूर्वी 'परिंदा'साठी सहायक अभिनेता (१९९०) आणि त्यानंतर 'क्रांतिवीर'साठी उत्कृष्ट अभिनेता (१९९५) असे तीन वेगवेगळ्या विभागांतील पुरस्कार त्यांच्या नावावर जमा झाले.

प्रमुख विभागांतही मराठी नावे ठळक आहेत. १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'ने उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही मान मिळविले. त्याच वर्षी 'सीमा'साठी नूतन यांना पहिला पुरस्कार मिळाला. 'सुजाता', 'बंदिनी', 'मिलन' आणि 'मैं तुलसी तेरे आँगन की' हे चित्रपट धरून उत्कृष्ट अभिनेत्रीचे एकूण पाच पुरस्कार त्यांनी मिळविले. या विक्रमाची बरोबरी २०११ मध्ये त्यांची भाची काजोल हिने केली. २०२५ मध्ये सहावा पुरस्कार मिळवून आलिया भट्टने तो मागे टाकला. अमोल पालेकर ('गोलमाल', १९८०), स्मिता पाटील ('चक्र', १९८२), चार वेळा माधुरी दीक्षित आणि दोन वेळा उत्कृष्ट दिग्दर्शक ठरलेले आशुतोष गोवारीकर ('लगान', २००२ आणि 'जोधा अकबर', २००९) ही नावेही याच मालिकेतील होत.

मराठी साहित्याचा ठसाही येथे उमटला. स्मिता पाटील यांचा 'चक्र' जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. 'आक्रोश'च्या पटकथेसाठी १९८१ मध्ये विजय तेंडुलकर यांचा गौरव झाला. १९८४ मध्ये गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य'ने पाच पुरस्कार मिळविले. चित्रपट आणि दिग्दर्शन यांखेरीज कथेसाठी श्री. दा. पानवलकर, पटकथेसाठी तेंडुलकर आणि सहायक अभिनेता म्हणून अमरापूरकर, असे तीन मराठी मानकरी त्या एका चित्रपटाने दिले. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेतून हा चित्रपट साकारला होता.

नकार, वाद आणि विश्वासार्हता

कोणत्याही पुरस्काराची किंमत त्याच्या निर्णयावरील विश्वासावर ठरते. फिल्मफेअरच्या निर्णयांना वेळोवेळी आव्हान मिळाले, आणि तेही पुरस्कार हुकलेल्यांकडून नव्हे, तर मिळालेल्यांकडून. १९५७ मध्ये 'देवदास'मधील चंद्रमुखीसाठी जाहीर झालेला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार वैजयंतीमाला यांनी नाकारला. ही भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, सहायक नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९७३ मधील प्रसंग त्याहून बोलका आहे. 'बेईमान'साठी प्राण यांची उत्कृष्ट सहायक अभिनेता म्हणून निवड झाली. संगीताचा पुरस्कारही त्याच चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. 'पाकिजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद यांना डावलले गेले, असे प्राण यांचे मत होते. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच निवर्तले होते. 'पाकिजा' १९७२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्या संगीताचे कौतुक ऐकायला ते हयात नव्हते. स्वतःचा पुरस्कार नाकारून प्राण यांनी एका दिवंगत कलावंताच्या बाजूने उभे राहणे पसंत केले.

ऋषी कपूर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, 'बॉबी'च्या वेळी मिळालेल्या एका पुरस्कारासाठी आपण तीस हजार रुपये मोजल्याची कबुली दिली. पुरस्कार विकत मिळतात का, या जुन्या चर्चेला त्यामुळे नव्याने तोंड फुटले. आमिर खानने नव्वदच्या दशकापासून अशा सोहळ्यांना जाणे थांबविले. त्यानंतरही 'राजा हिंदुस्तानी', 'लगान' आणि 'दंगल'साठी त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. गैरहजर कलावंताचाही गौरव होतो, ही फिल्मफेअरच्या बाजूने सांगितली जाणारी गोष्ट आहे.

लोकप्रिय कौलातून निसटणाऱ्या चित्रपटांसाठी समीक्षक पुरस्काराची वाट खुली करण्यात आली. १९७१ मध्ये मणी कौल यांचा 'उसकी रोटी' या विभागात उत्कृष्ट ठरला. व्यावसायिक यशाच्या निकषावर हा चित्रपट कुठेच बसला नसता.

मेट्रोपासून अहमदाबादपर्यंत

१९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले नाहीत. ही दोन वर्षे वगळली, म्हणजे सोहळ्यांच्या अनुक्रमांकाचा मेळ बसतो. नव्वदच्या दशकात स्पर्धक वाढले. १९९५ मध्ये स्क्रीन, १९९८ मध्ये झी सिने आणि २००० मध्ये लंडनहून सुरू झालेला आयफा, यांमुळे पुरस्कारांचा हंगामच तयार झाला. नृत्य, विनोदी निवेदन आणि प्रायोजक यांना महत्त्व आले. वाहिन्यांवरील प्रक्षेपणाच्या गणितात तांत्रिक विभागांतील मानकऱ्यांच्या वाट्याला येणारे क्षण आक्रसले, अशी तक्रार होऊ लागली. मराठी चित्रपटांसाठी स्वतंत्र फिल्मफेअर सोहळ्याची सुरुवात २०१५ मध्ये झाली.

मुख्य सोहळ्यानेही मुंबईची वेस ओलांडली. २०२० मध्ये तो गुवाहाटीत, २०२४ मध्ये गांधीनगरमध्ये आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अहमदाबादमध्ये झाला. सर्वाधिक पुरस्कारांचा विक्रमही काळानुसार बदलत गेला. १९५९ मध्ये 'मधुमती'ने मिळविलेल्या नऊ पुरस्कारांचा विक्रम 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'ने १९९६ मध्ये दहा पुरस्कारांसह मोडला. 'ब्लॅक'ने २००६ मध्ये अकरा आणि 'गली बॉय'ने २०२० मध्ये तेरा पुरस्कार मिळविले. 'गली बॉय'मधील आईच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष उत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरल्या. २०२५ मध्ये किरण राव यांच्या 'लापता लेडीज'ने तेरा पुरस्कारांची बरोबरी केली. त्याच सोहळ्यात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार अभिषेक बच्चन आणि कार्तिक आर्यन यांना विभागून मिळाला. कार्तिकला तो मिळवून देणारी 'चंदू चॅम्पियन'मधील भूमिका सांगली जिल्ह्यात जन्मलेले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील होती.

पुरस्कार कसा वाचावा

पुरस्कारांची यादी हाती आली, की आपला आवडता चित्रपट त्यात आहे की नाही, एवढेच बहुतेक जण पाहतात. फिल्मफेअरचा इतिहास मात्र आणखी तीन गोष्टी पाहायला शिकवितो. निवड वाचकांची, तज्ज्ञांची की दोघांची. ज्या कामाचा गौरव झाला, त्यासाठी मुळात विभाग होता की तो मागून मिळवावा लागला. आणि ज्याचे काम उत्तम असूनही नाव आले नाही, तो कोण. 'अर्धसत्य'ला उत्कृष्ट चित्रपट ठरविणाऱ्या १९८४ च्या सोहळ्यात त्याचे नायक ओम पुरी यांना पुरस्कार नव्हता. त्याच भूमिकेने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. म्हणजे एका यादीतील रिकामी जागा दुसऱ्या यादीत भरून निघते. म्हणूनच कोणताही एक पुरस्कार अंतिम निवाडा मानू नये.

पाच पुरस्कारांपासून झालेला हा विस्तार उदारपणे आपोआप घडलेला नाही. गायकाच्या श्रेयासाठी एका गायिकेला मंचावर गाण्यास नकार द्यावा लागला. नृत्यदिग्दर्शकाला त्यानंतर तीन दशके वाट पाहावी लागली. प्रकाशयोजनेचे दिवे उचलणारे, वाद्यवृंदात बसणारे, समूहनृत्यात मागच्या रांगेत नाचणारे असे शेकडो जण आजही ब्लॅक लेडीपासून दूरच आहेत. चित्रपट संपल्यावर पडद्यावरून सरकत जाणाऱ्या नामावलीत त्यांची नावे येतात, तोवर प्रेक्षागृह बहुधा रिकामे झालेले असते. फिल्मफेअरची यादी वाचताना ही नामावलीही स्मरणात ठेवली, तर सन्मान कुणाचा आणि कौल कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वाचकाला आपापले शोधता येईल.